नागपूरला जाताय? निंब सोबत न्या

यंदाही सोयाबीननं हात दिला नाही आणि तुम्ही चिमूरकडचं घर आवरून लेकराबाळांसह नागपूर गाठायचं ठरवलंत. बरं केलंत, भाऊ. भांडी बांधा, सिलिंडर बांधा, रेशनकार्ड विसरू नका. आणि जमलं तर अंगणातला निंब मुळासकट काढून छोट्या हत्तीत टाका. हसू नका. तिथं खोली भाड्यानं मिळते, कूलर भाड्यानं मिळतो, सावलीचं अजून कोणी दुकान काढलेलं नाही.

नागपुरात झाडं नाहीत असं मात्र म्हणू नका, माणसं रागावतात. सिव्हिल लाइन्समधून ऑटो गेला की तुम्हालाच वाटेल, आपलंच गाव उजाड. गोऱ्या साहेबांनी बंगल्यांभोवती झाडं राखली. ते साहेब गेले, दुसरे साहेब आले, झाडं तिथंच राहिली. तुमचा मुक्काम अर्थात तिकडे नाही. २०११च्या जनगणनेत नागपूरची वस्ती २४ लाखांवर होती आणि त्यातला जवळपास दर तिसरा माणूस झोपडपट्टीत राहत होता. तुम्ही तिकडचे. आठ बाय दहाची खोली, वर टिन.

घाबरू नका, शहरी माणसाला निसर्ग किती लागतो याचं माप निघालेलं आहे. कोनाइनेंडाइक नावाच्या तज्ज्ञानं २०२१ साली सांगितलं : घरातून ३ झाडं दिसावीत, वस्तीवर ३० टक्के झाडांची सावली असावी, बाग ३०० मीटरच्या आत असावी. झाडं मोजायला आधी खिडकी लागते, ती घरमालकाकडून करून घ्या. खिडकीतून समोरच्याची मोरी दिसली तर त्यात उगवलेलं पिंपळाचं रोप एक धरा. सावलीचं म्हणाल, तर ताडपत्री हिरवी घ्या. मे महिन्यात ४५ अंशाला टिन तापलं की खाली हिरवा उजेड पडतो, अगदी रानात बसल्यासारखं वाटतं. राहिली बाग. ती कदाचित ३०० मीटरच्या आत असेलही, फक्त तिची भिंत तुमच्या बाजूला आणि फाटक पलीकडच्या लेआउटच्या बाजूला.

फाटकाशी पोचलात तरी घाई करू नका. सकाळी लोक बागेत फिरतात तेव्हा तुम्ही ठिय्यावर मुकादमाची वाट पाहत उभे असाल. रात्री घमेलं टाकून याल तेव्हा कुलूप. एखाद्या दिवशी काम नाहीच मिळालं तर भरदुपारी बाकावर आडवं व्हावंसं वाटेल; तिथं पाटी आहे, झोपू नये. चौकीदार आपल्याच ब्रह्मपुरीकडचा निघेल. खूश होऊ नका. तुमची बोली त्याला ओळखू येते, म्हणूनच तो सगळ्यात आधी तुम्हाला उठवेल.

यावर उपाय आहे. हातात खुरपं ठेवा. खुरपंवाल्याला कोणी अडवत नाही. गवतावर चालू नये हा नियम निंदणाऱ्या बाईला लागू नाही. ती दिवसभर त्याच गवतावर उकिडवी बसते, वर रोजीही मिळते. बागेचा इतका उपभोग मॉर्निंग वॉकवाल्यालाही जमत नाही.

झाडाकडे बघून दुखणं लवकर बरं होतं म्हणतात. रॉजर उलरिच यांनी अमेरिकेतल्या एका दवाखान्यातल्या नोंदी तपासून १९८४ साली छापलं : पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्यांपैकी ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती ते, विटांची भिंत दिसणाऱ्यांच्या मानानं लवकर घरी गेले. आपल्या सरकारी दवाखान्यात रोगी आत भिंतीकडे तोंड करून असतो आणि नातेवाईक बाहेर झाडाखाली चटई टाकून. नातेवाईक ठणठणीत असतात, हे तुम्हीही पाहिलंच असेल.

पाण्याची हौस असेल तर नाग नदीच्या काठाला खोली बघा. शहराला नाव देणारी नदी, पण लोक तिला नाला म्हणतात. वर्षभर वास येतो आणि पावसाळ्यात ती स्वतः भेटायला येते. २३ सप्टेंबर २०२३ला पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा ती चांगल्या-चांगल्या लेआउटमधल्या तळमजल्यांतही शिरली. तेव्हा कुठं सगळ्यांना कळलं, की नदीला पूर येतो.

दिवाळीला गावी याल तेव्हा जरा जपून. ताडोब्याच्या वाटेवर जिप्स्या धावत असतील, त्यांत सिव्हिल लाइन्सवाले. तिथली झाडं कमी पडतात म्हणून ते इकडे येतात. तुम्ही विकलेल्या वावरात रिसॉर्ट उभं असेल, धुऱ्याच्या जागी पोहण्याचा तलाव. निंब शेवटी छोट्या हत्तीत मावला नव्हता ना? तो तिथंच दिसेल, खाली वेताच्या खुर्च्या. निंबाकडे तोंड असलेल्या खोलीचं भाडं जास्त आहे. फाटकावरचा पोरगा विचारेल, “कोणाकडे आलात?” अंगण माझं होतं वगैरे सांगत बसू नका. खुरपं दाखवा.