नाजा 200 चा मेसेज आला का तुमच्याही ग्रुपवर?

पावसाळा लागला की हा मेसेज येतेच. साप चावला तं घाबरू नका, होमिओपॅथीच्या 'नाजा 200' चे थेंब दहा-दहा मिनिटांनी तीनदा जिभेवर टाका, सिरिंजनं विष ओढून काढा, माणूस शंभर टक्के वाचते, दवाखान्यातल्या महागड्या इंजेक्शनची गरज नाही. खाली हात जोडलेले इमोजी अन् 'पुण्याचं काम, पुढे पाठवा'.

नाजा नागाच्या विषापासून बनवतात हे खरं हाय. पण 200 म्हणजे काय ते कोणी सांगत नाही. एक भाग घ्यायचा, शंभर पट पातळ करायचा, त्यातला एक भाग घेऊन पुन्हा शंभर पट, असं 200 वेळा. अकरावीत ॲव्होगॅड्रोचा आकडा शिकवतात, म्हणजे ठराविक मापाच्या पदार्थात किती रेणू असतात तो, त्याचा हिशोब लावला तं बाराव्या वेळेच्या आसपासच मूळ विषाचा एकही रेणू उरायची आशा संपते, पुढचं सगळं नुसतं स्पिरिट हलवणं. अप्पर वर्धा धरणात फवारणीच्या औषधाचं एक झाकण टाकून कॅनॉलच्या पाण्यानं बोंडअळी मारतो म्हणा ना, ते तरी याच्यापेक्षा कडक पडेल.

बरं, घडीभर मानू की चालते. मग घोणस चावली तं काय? नाग अन् मण्यारीच्या विषानं स्नायू लुळे पडतात, श्वास बंद होते. घोणस अन् फुरशाच्या विषानं रक्ताचं गोठणं बिघडते, हिरड्यांतून रक्त येते, घोणशीनं तं किडनीही जाते. रात्री वावरात ओलित करताना पायाखाली कोणता आला हे कोणाले दिसते? सरकारी दवाखान्यातलं अँटी स्नेक व्हेनम, म्हणजे सापाच्या विषावरचं इंजेक्शन, या चारही सापांचं विष घोड्याले थोडं थोडं टोचून त्याच्या रक्तात तयार झालेल्या अँटीबॉडीपासून बनवतात, म्हणून ते चौघांवर चालते. अन् महाग काहून म्हणता, सरकारी दवाखान्यात ते फुकट देतात.

सिरिंजचं तं बोलूच नका. विष तसं निघत नाही, जखम मात्र वाढते. घोणशीचा पेशंट आला की डॉक्टर थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत काढून 20 मिनिटं हात न लावता ठेवतात, मग नळी आडवी करून पाहतात, तरीही पातळच वाहते, म्हणजे रक्त गोठतच नाही. अशा माणसाची जखम तुम्ही सिरिंजनं वाढवणार?

'आमच्या गावात वाचला ना एक जण!' वाचला असेल बाप्पा. धामण, पाणदिवड, कवड्या यांना विषच नसते, अन् विषारी साप चावला तरी दरवेळी विष सोडतेच असं नाही. तो थेंबाविनाही वाचला असता. दुसरीकडे 2020 मधल्या अभ्यासात 2000 ते 2019 या काळात देशात सर्पदंशानं अंदाजे 12 लाख लोक गेले असं निघालं, त्यातले निम्मे जून ते सप्टेंबरमधे, म्हणजे डवरणी-निंदणाच्याच दिवसांत.

शेवटचा मुद्दा सगळेच टाकतात, थेंब घेतल्यानं नुकसान तं काही नाही ना. हाय नुकसान. मण्यार रात्री खाली झोपलेल्या माणसाले चावते, दुखत नाही, सूज नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. तीन डोस झाले, माणूस म्हणते आता बरं वाटते, घरचे म्हणतात औषध लागू पडलं. मग पोटात दुखते, पापण्या जड होतात, सगळ्यांले वाटते झोप आली असेल, अन् 108 ले फोन लागते तेव्हा त्याले थुंकीही गिळता येत नसते.