दहाचं विमान नऊलाच सुटतं

तिकिटावर 10:00 छापलेलं असतं. सरळमार्गी माणूस त्याचा अर्थ असा लावतो की दहाला विमान उडणार, म्हणजे दहाला पाच कमी असताना आपण दारात असलो की झालं. बस आणि रेल्वेवर वाढलेल्या माणसाचा हा हिशेब तसा चुकीचा नाही. सुटलेल्या बसमागे धावून पत्र्यावर थाप मारता येते, आतले दोन-तीन सज्जन हात पुढे करतात. विमानाला थाप मारायची सोय नाही. तिथे 10:00 म्हणजे विमानाने आपल्या जागेवरून हलायची वेळ. त्याआधी दारं लावायची, प्रवाशांची यादी जुळवायची, सामानाचा ताळमेळ बसवायचा. म्हणून गेट साधारण 15 ते 20 मिनिटं आधी बंद होतं आणि बॅगा घेणारा काउंटर बहुतेक ठिकाणी तासभर आधी. थोडक्यात, ज्याच्याकडे मोठी बॅग आहे त्याचं दहाचं विमान नऊलाच सुटतं. छापलेला आकडा खोटा नसतो, पण तो आपल्यासाठी छापलेला नसतो.

विमानतळावरच्या सगळ्याच आकड्यांची ही गत आहे. पासपोर्टच घ्या. मुदत जूनपर्यंत आहे, प्रवास फेब्रुवारीत आहे, म्हणजे चार महिने हातात आहेत असं आपल्याला वाटतं. अनेक देशांना मात्र पुढचे सहा महिने वैध असलेला पासपोर्ट लागतो, म्हणजे तो डिसेंबरातच म्हातारा झालेला असतो. काउंटरवरची व्यक्ती पासपोर्टची पानं उलटताना चेहऱ्यावर जो भाव आणते, तो आपल्या चारित्र्याविषयी नसतो. कागद अपुरे असलेला प्रवासी पलीकडे पोहोचला तर त्याला परत आणायची जबाबदारी विमान कंपनीवर येते, वर दंडही होऊ शकतो. माणूस शंकेखोर होणारच. घरबसल्या वेब चेक-इन केलं तरी पासपोर्ट-व्हिसाची ही तपासणी बऱ्याचदा टळत नाही, हे गृहीत धरूनच निघावं.

मग वजन. घरी बॅग मोजायची सर्वमान्य पद्धत म्हणजे बॅग छातीशी धरून काट्यावर उभं राहायचं आणि त्यातून स्वतःला वजा करायचं. पण आपलं स्वतःचं वजन सांगताना माणूस सवयीने एक-दोन किलो खातो, आणि तेवढंच घरच्या हिशेबात बॅगेवर चढतं. त्यापेक्षा हातात धरून लटकवायचा लहान काटा बरा. त्यातही 'दोन नग, प्रत्येकी 23 किलो' आणि 'एकूण 46 किलो' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या पद्धतीत एक बॅग 28 आणि दुसरी 18 किलोची भरली तर बेरीज बरोबर येऊनही उत्तर चूक धरतात. आणि 32 किलोच्या पुढची एकच बॅग बहुतेक कंपन्या जास्तीचे पैसे देऊनही घेत नाहीत, कारण ती शेवटी कुणाच्या तरी कमरेने उचलायची असते. अशा वेळी काउंटरसमोर बॅग उघडून संसार फरशीवर मांडणारी कुटुंबं पाहिली की मी आदराने नजर दुसरीकडे वळवतो. उपाय एकच: जड जाकीट अंगात घालायचं आणि त्याच्या खिशांत चार्जर, चष्मे, वह्या भरायच्या. अंगावरच्या कपड्यांचं वजन सहसा कुणी करत नाही.

हातातल्या बॅगेला अनेक ठिकाणी 7 किलोची मर्यादा असते. चाकं-दांडा असलेली टणक कवचाची बॅग रिकामीच अडीच-तीन किलो भरते, म्हणजे तुमचं सामान चार किलो आणि बाकी बॅगेचं स्वतःचं. लांबी मोजतात ती चाकांसकट.

बॅगेवर टॅग लागला की लगेच दोन गोष्टी बघाव्यात. तीन अक्षरी कोड आपण जाणार त्याच गावाचा आहे ना, आणि मागच्या प्रवासाचे टॅग फाडून टाकलेत ना. जुने टॅग शोभेसाठी ठेवणारे लोक असतात. बॅगा वाटणारं यंत्र जुना बारकोड वाचून गोंधळलं की ती बॅग बाजूला पडते, आणि मालक मात्र पुढे जातो.

पॉवर बँक मोठ्या बॅगेत टाकायची नाही. लिथियम बॅटरी पेटली तर केबिनमध्ये माणसं विझवू शकतात, खाली सामानात तिला कोण बघणार? मर्यादा 100 वॉट-तासांची, आणि पॉवर बँकेवर मात्र मिलिअँपिअर-तास ठळक छापलेले. हिशेब सोपा आहे: 20,000 ला 3.7 व्होल्टने गुणा, हजाराने भागा, आले 74. ही चालते. 30,000 ची 111 वर जाते, तिला कंपनीची परवानगी लागते. छापील आकडा घासून पुसट झाला असेल तर हा युक्तिवाद करत बसू नका, तिचा तिथेच निरोप घ्यावा लागू शकतो.

आता सुरक्षा तपासणी. खरी गंमत इथे आहे. द्रव पदार्थांचा 100 मिलिलिटरचा नियम 2006 सालचा, ब्रिटनमध्ये विमानात द्रव स्फोटकं नेण्याचा कट उघडकीला आला त्यानंतरचा. बाटल्या 100 मिलिलिटरपर्यंतच्या, त्या सगळ्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. यात मोजतात ती बाटली, आतला माल नव्हे. 150 च्या बाटलीत तळाशी चमचाभर शाम्पू उरलाय, हे डोळ्यांना दिसत असूनही ती 150 चीच. आणि द्रव कशाला म्हणायचं याची व्याख्या शाळेतल्या विज्ञानापेक्षा उदार आहे. टूथपेस्ट द्रव, क्रीम द्रव, जेल द्रव, फवाराही द्रव. पिळता, फासता किंवा ओतता येतं ते द्रव, असं समजून चालावं. पाण्याची रिकामी बाटली मात्र खुशाल न्यावी, आत भरता येते. काही विमानतळांवर नवी त्रिमितीय स्कॅनर यंत्रं आल्याने हा नियम सैल झालाय. म्हणून जाताना सुटलेली बाटली येताना अडते आणि माणूस परक्या देशात न्यायाविषयी बोलू लागतो.

लॅपटॉप बाहेर का काढायचा? क्ष-किरणांच्या चित्रात त्याची बॅटरी आणि पट्ट्या इतक्या दाट दिसतात की खाली काय दडलंय ते कळत नाही. त्या पडद्यावर सेंद्रिय वस्तू नारिंगी दिसतात आणि धातू निळे. जाडजूड पुस्तकांची चळत, वायरींचं भेंडोळं आणि मध्ये साबणाची वडी असं एकत्र ठेवलं की पडद्यासमोरचा माणूस बॅग उघडायला सांगणारच. त्याच्या जागी मी असतो तर मीही सांगितलं असतं.

रांगेत उभं असतानाच घड्याळ, किल्ल्या, सुटे पैसे जाकिटाच्या खिशात घालावेत आणि जाकीट ट्रेमध्ये. सुटी वस्तू ट्रेमध्ये टाकली की ती कोपऱ्याला चिकटून पुढच्याच्या नशिबी जाते. ट्रे यंत्रात शिरल्याशिवाय आपण चौकटीतून जायचं नाही. पट्टा काढूनही चौकट वाजली तर दचकू नये. बुटाच्या तळव्यात पोलादी पट्टी असू शकते. काही चौकटी तर मुद्दामच अधूनमधून कुणालाही वाजतात, निवड निःपक्ष व्हावी म्हणून. एका हाताने पँट धरून दोन्ही हात आडवे करायला सांगितल्यावर मात्र निःपक्षपणाचं कौतुक वाटत नाही.

आत पोहोचलं की गेट. बोर्डिंग पासवरचा गेट क्रमांक हा अंदाज समजावा, खरं काय ते पडद्यावर. क्रमांक जवळचा वाटला तरी चालायला पंधरा मिनिटं लागू शकतात. गेटबाहेर बस असेल तर सर्वांत आधी चढणारा सर्वांत आत ढकलला जातो आणि उतरताना शेवटी येतो. तरीही लोक आधी चढतात.

आणि नाव पुकारलं जात असलेला तो उशिराचा प्रवासी. त्याची वाट मायेपोटी पाहत नाहीत. माणूस चढला नाही तर त्याची बॅगही उतरवावी लागते. 1985 साली एअर इंडियाच्या 'कनिष्क' विमानात ज्या बॅगेत बॉम्ब होता, तिचा मालक विमानात बसलाच नव्हता. त्यामुळे या एका नियमाबद्दल मी कुरकुर करत नाही. शेकडो बॅगांतून ती एक शोधायची म्हणजे पुकारा करत राहणं स्वस्त पडतं.

शेवटी सगळे बसतात, दारं लागतात, पट्टे आवळले जातात. बरोबर दहाला विमान चार हात मागे सरकतं आणि थांबतं. वैमानिक सांगतो की धावपट्टीच्या रांगेत आपल्यापुढे सात विमानं आहेत. अर्धा तास आपण खिडकीतून तोच एक दिवा बघत बसतो. कागदोपत्री विमान वेळेवर सुटलेलं असतं.