डांगरवाला ड्रॅगन

परदेशात नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने आमच्या चिमीसाठी अमळनेरला एक ड्रॅगन पाठवला. उंचीला मिठाच्या बरणीएवढा, रंगाने पोपटी, पंख नखाएवढे, आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलेला एक कोरीव भोपळा. या ड्रॅगनला हॅलोविनचा सण जिवापाड आवडतो, असे भाच्याने फोनवर सांगितले. माझ्या आईने त्याला चष्म्यासमोर धरून "हाई काय शे?" असे विचारले. "ड्रॅगन" हे उत्तर तिने "डांगर" असे ऐकले, आणि लाल भोपळ्याला आमच्याकडे डांगरच म्हणत असल्याने, त्याच्या हाताकडे पाहून तिचे पूर्ण समाधान झाले. त्या दिवसापासून त्याचे नाव डांगऱ्या पडले. आयर्लंडातले लोक पूर्वी हॅलोविनला सलगम कोरत, भोपळा हाती आला तो अमेरिकेत गेल्यावर. ते सलगमावरच थांबले असते, तर माझी पुढची फजिती टळली असती.

३१ ऑक्टोबरला तिकडची मुले सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागतात, हे ऐकताच चिमीने "म्हणजे गुलाबाईच की!" असा निकाल दिला. तो खोडून काढणे मला जमले नाही, कारण भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत आमच्या गल्लीतल्या पोरीही घरोघर गाणी म्हणत फिरतात आणि खाऊ घेतल्याशिवाय हलत नाहीत. फरक इतकाच, की आमच्याकडे खाऊ बंद डब्यात असतो आणि तो आधी ओळखावा लागतो. डांगऱ्याची स्थापना मातीच्या गुलाबाई-गुलोजींशेजारी झाली. गुलोजींच्या चेहऱ्यावर, न विचारता पोटभाडेकरू ठेवल्याचे भाव मला स्पष्ट दिसले.

ओळखता येणार नाही असा खाऊ रोज आणणे हे काम माझ्याकडे आहे. पोरी डबा कानाशी नेऊन हलवतात. केळीचे वेफर्स खडखडतात, शेंगदाण्याचे लाडू गडगडतात, आणि मुरमुऱ्यांचा चिवडा तर डबा उचलण्याआधीच सळसळून कबुली देतो. मी लाडू जुन्या पंचात गुंडाळून पाहिले, वेफर्स इतके दाबून भरले की त्यांचा भुगा झाला. तरीही "गोड की तिखट?" एवढे विचारून झाले, की चिमी डांगऱ्याला कानाशी धरते आणि तो अचूक उत्तर देतो. दिवसभर त्याचा मुक्काम स्वयंपाकघरातल्या फळीवर, नेमका त्या डब्याला टेकून असतो. त्याला तिथे ऊब मिळते म्हणे. माझा संशय चिमीवर आहे, आणि चिमीचे बोट ड्रॅगनकडे. २०२० साली अधिक आश्विनामुळे भाद्रपद पौर्णिमा ते कोजागरी हे अंतर दोन महिन्यांचे झाले होते; तेव्हा डांगऱ्या घरात नव्हता, ही गुलाबाईचीच कृपा.

यंदा शेवटच्या दिवशी मात्र मी हट्टाला पेटलो. शेजाऱ्यांच्या घरी आईकडून डांगराच्या घाऱ्या तळून घेतल्या, मऊ असल्याने त्या वाजण्याचा प्रश्न नव्हता, आणि डबा संध्याकाळपर्यंत स्कूटरच्या डिकीत कुलूपबंद ठेवला. पोरींनी पेढ्यापासून ढोकळ्यापर्यंत सगळे सांगून पाहिले. चिमीने डांगऱ्याला तीनदा कानाशी लावले, तो गप्प. शेवटी रागाने तिने त्याला समईपाशी आपटून ठेवले. उत्तर पोटाशी धरून तो सगळ्यांच्या समोर बसला होता आणि एकीलाही ते दिसत नव्हते. "हरलो" हा शब्द पोरींच्या ओठांवर आलाच होता, इतक्यात आईचे लक्ष समईकडे गेले आणि ती जिवाच्या आकांताने ओरडली,

"चिमे, त्या डांगरले उचली ले वं, जळी जाई!"

क्षणभर शांतता पसरली. मग बारा पोरी एका सुरात किंचाळल्या, "घाऱ्या!"