मावशी, तुझं काही चुकलेलं नाही

काल रात्री मावशीचा फोन आला. तिने तीनदा ३६५ रुपये पाठवले आणि तीनदा ते परत आले. "माझंच काही चुकतंय का रे?" मामा फौजेत होते, त्यांच्या नावाने वर्षभराचा रोज एक रुपया द्यायचा तिने ठरवलं होतं. ज्या मेसेजमुळे हे झालं, तो आता तरी पुढे ढकलू नका.

मेसेज म्हणतो : अक्षय कुमारच्या सूचनेवरून मंत्रिमंडळाने सैन्यासाठी बँक खातं उघडलंय, त्यातून शस्त्रं घेणार आणि जखमी-शहीद जवानांना मदत करणार, १३० कोटींच्या देशातल्या सत्तर टक्के लोकांनी रोज एक रुपया टाकला की दिवसाला शंभर कोटी.

संरक्षण मंत्रालयाने जुलै २०२३ मध्येच खुलासा केलाय की हा मेसेज दिशाभूल करणारा आहे आणि त्यातला खाते क्रमांक चुकीचा असल्याने पैसे जमा होत नाहीत. शस्त्रं संसदेने मंजूर केलेल्या संरक्षण खर्चातून येतात, वर्गणीतून नाही. आणि १३० कोटींचे सत्तर टक्के एक्क्याण्णव कोटी होतात, शंभर नाही.

एवढं मात्र मान्य करावं लागेल की लढाईत जखमी-शहीद झालेल्या जवानांसाठीचा सैन्याचा निधी खरा आहे. सियाचीनच्या २०१६ च्या हिमस्खलनानंतर लोकांना मदत करायची होती, त्यातून तो उभा राहिला. अक्षय कुमारच्या सूचनेचंही खरं आहे, पण ती 'भारत के वीर' या देणगीच्या वेबसाइटची, म्हणजे सीआरपीएफ, बीएसएफसारख्या दलांसाठीची.

मला खरा राग आला तो आमच्या ग्रुपवर कुणीतरी जोडलेल्या पुस्तीचा : "आजवर जवानांसाठी असं कुणाला सुचलंच नाही." अरे, अपंग सैनिकांना हुन्नर शिकवणारी क्वीन मेरी संस्था १९१७ साली मुंबईत सुरू झाली, आज ती खडकीत आहे. पाठीच्या कण्याला इजा झालेल्या जवानांचं पुनर्वसन केंद्रही खडकीतच, १९७४ पासून. जवानांसाठी पैसे गोळा करायचा ७ डिसेंबरचा ध्वजदिन १९४९ पासूनचा. शाळेत छातीला लावलेला तो छोटा कागदी झेंडा विसरलात?

त्या झेंड्याचा पैसा कुठे जातो, हे मेसेज लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. पंधरा वर्षं भरायच्या आत फौज सोडलेल्या जवानाला साधारणपणे पेन्शन नसते. असे पासष्टीपुढचे, हवालदार किंवा त्याखालच्या हुद्द्याचे निराधार माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना ध्वजदिन निधीतून महिना ४,००० रुपये मिळत. नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना ८,००० झालेत. आमच्या गावात बारा वर्षं नोकरी करून परतलेले एक आजोबा देवळाच्या ओवरीत झोपायचे. त्यांचा अर्ज मामांनीच भरला होता. नुसतं फौजेतल्या नोकरीची नोंद असलेलं डिस्चार्ज बुक शोधण्यात दोन महिने गेले.

मावशी, ते ३६५ रुपये जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ध्वजदिन निधीला दे आणि पावती घे. शनिवारी मी येतो, सोबतच जाऊ.