पीके बॅनर्जींना संघ आयते मिळाले का? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार.

भारताचे फुटबॉलपटू आणि पुढे प्रशिक्षक झालेल्या पीके बॅनर्जींवरच्या माझ्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. खेळाडू म्हणून पीके मोठे हे तुम्हाला मान्य आहे. पण प्रशिक्षक म्हणून त्यांना आयते संघ मिळाले, त्यांचं ते गाजलेलं ‘व्होकल टॉनिक’, म्हणजे खेळाडूंना चेतवणारं बोलणं, ही नुसती भाषणबाजी, खरं डोकं कोलकात्याचे दुसरे प्रशिक्षक अमल दत्तांचं, आणि नाशिकच्या मुलांना या कोलकात्याच्या जुन्या माणसाचा उपयोग काय, असं तुम्ही विचारलंय. मला यातलं बरंचसं पटत नाही. का पटत नाही ते चार ओळींत मावणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

सुरुवात ‘आयत्या’पासूनच करतो. तुम्ही नाशिकरोडचे. मनमाड, इगतपुरी, भुसावळ या पट्ट्यात रेल्वेत नोकरी करून खेळणारी माणसं कशी असतात ते तुम्हाला मी सांगायला नको. पीके त्याच जातकुळीतले. जलपाईगुडीचा जन्म, जमशेदपूरला वाढले, १९५४ मध्ये कोलकात्याला येऊन आर्यन क्लबकडून खेळले आणि पुढच्या वर्षी ईस्टर्न रेल्वेत गेले. तिथेच १९६७ मध्ये खेळ थांबवला. मोहन बागान किंवा ईस्ट बंगालचा शर्ट त्यांनी खेळाडू म्हणून कधीच घातला नाही. ज्या शहरात फुटबॉल म्हणजे मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहम्मेडन स्पोर्टिंग, तिथे देशाचा सगळ्यात नावाजलेला राइट विंगर, म्हणजे उजव्या कडेने हल्ला करणारा खेळाडू, रेल्वेच्या संघात राहिला.

आणि १९५८ मध्ये त्या संघाने कलकत्ता लीग, म्हणजे तिथल्या क्लबांची साखळी स्पर्धा, जिंकली. प्रशिक्षक होते बाघा सोम. या तीन क्लबांना बाजूला सारून लीग जिंकणारा पुढचा संघ थेट २०१९ मध्ये आला, पीयरलेस. मधली ६१ वर्षं कुणाला ते जमलं नाही. पीकेंना घडवलं ते या संघाने, असं माझं ठाम मत आहे. मोठ्या क्लबातला विंगर चेंडू येण्याची वाट बघत उभा राहू शकतो. रेल्वेच्या संघात तसं चालत नाही. बाजूचा माणूस दमलाय का, घाबरलाय का, आज त्याच्याकडून काय होईल आणि काय होणार नाही, हे खेळताखेळताच ओळखावं लागतं. पुढे प्रशिक्षक म्हणून त्यांनी आयुष्यभर हेच केलं.

दुसरी शाळा म्हणजे भारतीय संघाचे तेव्हाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम. १९६२ च्या जकार्ता एशियाडमध्ये भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ हरला. जरनैल सिंगच्या डोक्याला दुखापत झाली. तो बचावातला भक्कम खेळाडू, पण रहीमसाहेबांनी त्याला टाके घातलेल्या डोक्यानिशी सेंटर फॉरवर्डला खेळवलं. अंतिम सामन्यात पुन्हा कोरिया, प्रेक्षक आपल्या विरोधात, आणि भारत २-१ ने जिंकला. पहिला गोल पीकेंचा, दुसरा जरनैलचा. रहीमसाहेब तेव्हा कर्करोगाशी झुंजत होते. पुढच्या जूनमध्ये ते गेले. आता मला सांगा काका, जरनैलला पुढे आणणं हे डावपेच होते की माणसाची पारख? मला ही दोन कामं वेगळी काढता येत नाहीत, आणि पीकेंनाही ती कधी वेगळी वाटली नसावीत. म्हणूनच ‘डोकं दत्तांचं, तोंड पीकेंचं’ ही वाटणी मला खटकते.

१९७२ मध्ये ते ईस्ट बंगालला आले तेव्हा संघ तगडा होता, हे तुमचं म्हणणं खरं आहे. आधीच्या दोन्ही वर्षांची लीग ईस्ट बंगालनेच जिंकली होती. पण त्या वर्षीची लीग त्यांनी एकही गोल न खाता जिंकली. १९७५ च्या आयएफए शील्ड या कोलकात्याच्या जुन्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात मोहन बागानला ५-० ने हरवलं. हा निकाल आजही कोलकात्यात दोन्ही बाजूंना पाठ आहे.

तुमच्या मुद्द्याची खरी कसोटी लागते ती १९७६ मध्ये. पीके त्याच मोहन बागानमध्ये गेले. ज्या खेळाडूंना आदल्या वर्षी पाच गोलांनी लोळवलं, त्यांच्याच समोर प्रशिक्षक म्हणून उभं राहायचं! हबीब आणि अकबर हे भाऊ त्याच मोसमात आले, त्याची मदत झालीच. पण ईस्ट बंगालची सलग सहा लीग विजेतेपदांची मालिका मोडली ती याच संघाने. लीगमधल्या या दोन क्लबांच्या सामन्यात अकबरने पहिल्या मिनिटाच्या आतच गोल केला होता.

१९७७ चं वर्ष तर मी प्रत्येक प्रशिक्षकाला अभ्यासाला लावेन. देशभरच्या क्लबांची पहिलीच फेडरेशन कप स्पर्धा. मोहन बागान अंतिम सामन्यात बंगळूरच्या आयटीआयकडून, म्हणजे टेलिफोन बनवणाऱ्या कारखान्याच्या संघाकडून हरला. मग लीगही ईस्ट बंगालकडे गेली. कोलकात्यात अशा वेळी प्रशिक्षकाला घराबाहेर पडणं मुश्किल होतं. सप्टेंबरमध्ये ईडन गार्डन्सवर पेले आणि त्याचा न्यूयॉर्कचा कॉसमॉस क्लब मोहन बागानशी खेळायला आले. पीकेंनी मिडफिल्डर गौतम सरकारला पेलेच्या मागे लावलं, श्याम थापा आणि हबीबने गोल केले आणि सामना २-२ सुटला. त्याच आठवड्यात शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट बंगालवर १-० ने मात. मग रोव्हर्स, मग ड्युरँड. एकाच मोसमात या तिन्ही स्पर्धा जिंकणारा तो पहिला भारतीय क्लब ठरला. उन्हाळ्यात हरलेली माणसं हिवाळ्यापर्यंत अशी बदलतात ती नुसत्या भाषणाने नाही. कुणाला चारचौघांत बोलायचं, कुणाला बाजूला घेऊन, कुणाला अजिबात बोलायचं नाही, हे ठरवायला प्रत्येक खेळाडू आतून माहीत असावा लागतो.

अमल दत्तांबद्दल मला मनापासून आदर आहे. स्वतःच्या खर्चाने इंग्लंडला जाऊन प्रशिक्षण शिकून आलेला माणूस! त्यांची १९९७ ची मोहन बागानमधली ‘डायमंड’ रचना, म्हणजे खेळाडू हिऱ्याच्या आकारात उभे करणं, धाडसी होती. पण जुलै १९९७ मध्ये कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर, फेडरेशन कपच्या उपांत्य सामन्यात, सव्वा लाखाहून जास्त प्रेक्षकांसमोर त्या डायमंडला ४-१ ने हरवणाऱ्या ईस्ट बंगालचे प्रशिक्षक पीकेच होते. भायचुंग भूतियाची हॅटट्रिक तुम्हाला आठवत असेल. सामन्याआधी दत्तांनी जाहीर टोमणे मारले, आणि पीकेंनी तेच टोमणे आपल्या खेळाडूंना चेतवायला वापरले. हे डोक्याचं काम नाही असं कसं म्हणू?

१९८२ च्या दिल्ली एशियाडबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने आहे. घरचं मैदान, लांबलचक शिबिर, आणि उपांत्यपूर्व फेरीत सौदी अरेबियाकडून ०-१. मोठ्या क्लबांच्या खेळाडूंनी मध्येच शिबिर सोडलं होतं. ज्याची ताकदच माणसं सांभाळण्यात, त्याच्या हातून ती निसटली. त्याचा जाब त्यांना विचारायलाच हवा.

आता नाशिकच्या मुलांचं. १९७० च्या बँकॉक एशियाडमध्ये भारताने कांस्य मिळवलं तेव्हा संघाच्या प्रशिक्षणात पीके होते, आणि त्यानंतर फुटबॉलमध्ये एशियाडचं पदक आपल्याला मिळालेलं नाही. नव्वदच्या दशकात ते जमशेदपूरच्या टाटा फुटबॉल अकादमीत पोरांना घडवत होते. आपल्याकडे शाळांचे संघ बहुतेक वेळा पीटीच्या सरांच्या हाती असतात. त्यांना परदेशी प्रशिक्षकांच्या डावपेचांचे व्हिडिओ मोबाइलवर हवे तितके मिळतात. सातपूरहून सायकल मारत येणारा पोरगा आज उपाशी खेळतोय का, सिडकोतल्या कुणाच्या घरी काय चाललंय, हे त्या व्हिडिओत मिळणार नाही. म्हणून मला पीकेंवर लिहावंसं वाटतं, आणि पुढेही लिहीन. तुम्ही सुचवलेल्या आजच्या प्रशिक्षकांवरही लिहीन, पण रहीमसाहेबांवरचा लेख आधी.

एक विनंती. ७६ आणि ७७ मध्ये मोहन बागानने मुंबईत रोव्हर्स जिंकला, आणि तेव्हा तुम्ही सामन्यांना कूपरेजवर जात होता असं तुम्हीच लिहिलंय. पीके मैदानाच्या कडेला कसे वागत, खेळाडूंशी काय आणि कसं बोलत, ते आठवत असेल तर सविस्तर लिहा. मी पाहिलेले नाहीत ते सामने.