तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही

‘नोकरीवाल्या बायकांनी आणि मुलींच्या आईबापांनी जरूर वाचा’ असा पाच मुद्द्यांचा एक मेसेज सध्या व्हॉट्सॲपवर गटागटांतून फिरतोय. लैंगिक छळाच्या कायद्याबद्दलची ‘खरी माहिती’ म्हणे. माझ्या बहिणीने तो आपल्या मुलीला पाठवला आणि खाली लिहिलं, “बघ, म्हणून सांगते, गप्प बस.” भाचीला तिच्या ऑफिसातला वरिष्ठ रात्री-अपरात्री नको ते मेसेज करतो. ती तक्रार लिहायला बसली होती. हे वाचलं आणि थांबली. म्हणून मला राग आलाय.

सगळ्यात घातक मुद्दा तिसरा, त्यापासूनच सुरू करते. ‘पुरावा नसेल तर तक्रार करणाऱ्या बाईवरच केस होते, तुरुंगात जावं लागतं.’ साफ चूक. २०१३च्या कायद्यात, ज्याला आपण पॉश म्हणतो, कलम १४ आहे, एवढंच यातलं अर्धं खरं. जाणूनबुजून खोटी तक्रार केली किंवा बनावट कागद दिले, तर तक्रारीची चौकशी करणारी समिती कारवाईची शिफारस करू शकते. ती कारवाई सेवानियमांप्रमाणे होते. समिती कुणालाही तुरुंगात पाठवू शकत नाही. पण मेसेज लिहिणाऱ्याने त्याच कलमातलं पुढचं वाक्य खाऊन टाकलं. आरोप सिद्ध करता आला नाही किंवा पुरेसा पुरावा देता आला नाही, केवळ एवढ्यावरून तक्रारदारावर कारवाईची गरज नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलंय. आणि हेतू वाईट होता हे ठरवायचं असेल, तर त्याची आधी चौकशी व्हावी लागते. बंद केबिनमध्ये घडलेल्या गोष्टीला साक्षीदार कुठून आणायचा? कायदा करणाऱ्यांना हा प्रश्न ठाऊक होता म्हणूनच ते वाक्य तिथे आहे. ते गाळून उरलेलं पसरवणं म्हणजे बायकांना धाक घालणं, दुसरं काही नाही.

पहिला मुद्दा: ‘तक्रार आली की चौकशीशिवाय पुरुषाची नोकरी जाते.’ गोवा विद्यापीठातल्या एका विभागप्रमुखाचं प्रकरण बघा. लैंगिक छळाच्या तक्रारींवरून त्याला नोकरीतून काढलं. तो थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १२ मे २०२३ रोजी न्यायालयाने ती कारवाई रद्द केली, कारण समितीने घाई केली आणि त्याला बाजू मांडायला पुरेशी संधी दिली नाही. प्रकरण पुन्हा समितीकडे पाठवलं. म्हणजे आरोपीचं म्हणणं ऐकून न घेता केलेली कारवाई टिकत नाही. आणि त्याच निकालात न्यायालयाने खंत कशाची व्यक्त केली? इतकी वर्षं होऊनही या कायद्याची अंमलबजावणी धड होत नाही, याची.

‘हात लावला तरच छळ’ हा दुसरा मुद्दा. पॉश कायद्याचं कलम २ वाचा. अश्लील शेरे, शरीरसुखाची मागणी, अश्लील चित्रं दाखवणं, नको असलेलं कुठलंही लैंगिक वर्तन, मग ते शब्दांतून असो वा खाणाखुणांतून, सगळं त्यात येतं. मेसेजही.

चौथा: ‘कायदा मोठ्या कंपन्यांतल्या कायम नोकरांसाठीच.’ हा कायदा ज्या लढ्यातून आला त्या भंवरीदेवी कुठल्या कंपनीत होत्या? राजस्थानातल्या भटेरी गावात मानधनावर काम करणाऱ्या ‘साथिन’, म्हणजे सरकारी महिला विकास कार्यक्रमातल्या गावपातळीवरच्या कार्यकर्त्या होत्या त्या. बालविवाह रोखायला गेल्या म्हणून १९९२ मध्ये त्यांच्यावर अत्याचार झाला. त्यातून कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबद्दलचा सर्वोच्च न्यायालयाचा १९९७चा विशाखा निकाल आला आणि पुढे हा कायदा. यात रोजंदारीवरच्या, कंत्राटी, शिकाऊ, घरकाम करणाऱ्या सगळ्या बायका येतात. दहापेक्षा कमी माणसं असतील तर अंतर्गत समितीची सक्ती नाही, हे खरं. माझ्या भाचीच्या ऑफिसात आठच माणसं आहेत. पण तिच्यासारख्यांसाठी जिल्ह्याची स्थानिक समिती असते. खुद्द मालकाविरुद्धची तक्रारही तिथेच जाते. समितीचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा महिला व बालविकास कार्यालयात विचारा. लेखी तक्रार शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांत द्यायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवून देऊ शकते. गप्प बसायला सांगणाऱ्यांनी ही मुदत लक्षात घ्यावी, कारण तुमच्या सल्ल्यात ती निघून जाते. मेसेज, कॉलच्या वेळा, कुणाला त्याच दिवशी सांगितलं असेल तर त्या माणसाचं नाव, हे सगळं जपून ठेवा. काहीही डिलीट करू नका.

पाचव्यात दोन थापा एकत्र आहेत. ‘रस्त्यावरच्या छेडछाडीला कायदा नाही’ म्हणे. भारतीय न्याय संहितेचं कलम ७५ लैंगिक छळाचं, ७८ पाठलागाचं, ७९ शब्द-हावभावांनी अपमान करण्याचं. बस, बाजार, स्टेशन, कुठेही लागू. घटना कुठल्याही हद्दीत घडलेली असो, जवळच्या ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो.

आणि ‘शाळेतली प्रकरणं मुख्याध्यापकांनी आतल्या आत मिटवावीत’? पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांसाठीच्या कायद्यानुसार, अठरा वर्षांखालच्या मुला-मुलीशी असं काही घडल्याचं कळलं, की पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. नाही कळवलं तर तो स्वतंत्र गुन्हा. संस्थेच्या प्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाचं असं कृत्य कळवलं नाही, तर त्याला एक वर्षापर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.