ग्लासगोची साडेतीन कॅथेड्रलं

संध्याकाळी कोल्हापुरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशी येऊन उभ्या राहिल्या की आमची मंडळीही येऊन उभी राहते. उभी म्हणजे जागा मिळेल तशी. डॅनियलच्या गुडघ्यांनी राजीनामा दिलाय, म्हणून गवळ्याच्या पोरानं त्याला स्वतःचं लाकडी स्टूल वापरायला दिलंय. धारेची वेळ झाली की परत करायचं, एवढीच अट. बाकीचे आम्ही कट्ट्याच्या कडेला, हातात फेसाळ ग्लास आणि मिशीला मोहर.

परवा बंडूनं मोबाइल पुढं केला. त्याचं चपलांचं दुकान आहे आणि थोरली पोरगी ग्लासगोला शिकते. फोटोत काळपट दगडाचं उंच चर्च, खाली तिनं लिहिलेलं ‘कॅथेड्रल’. बंडूनं अंगठा सरकवला. दुसरं चर्च, नदीकाठचं, त्याखालीही ‘कॅथेड्रल’. मग तिसरं. मग चौथं.

“एका गावात चार!” बंडू म्हणाला. “हाय काय मुंबईत तरी?”

“मुंबईतली दोन मी बघितलीत,” डॅनियल म्हणाला. “फोर्टातलं सेंट थॉमस आमच्या सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, कुलाब्याचं होली नेम कॅथलिकांचं. पण ग्लासगोत चार नाहीत. तीनच.”

“पोरगी तिथं राहतीया आणि तू गंगावेशीत बसून मोजतोयस?”

इथं पेटलं.

डॅनियलचं म्हणणं असं की कॅथेड्रल म्हणजे मोठं चर्च, हीच मुळात लोकांची चुकीची समजूत. ग्रीक शब्द कॅथेड्रा, म्हणजे खुर्ची. बिशप म्हणजे एका भागातल्या सगळ्या चर्चांवरचा वरिष्ठ धर्मगुरू. त्याची खुर्ची ज्या चर्चमध्ये, ते कॅथेड्रल. मग ते केवढं का असेना. स्कॉटलंडमध्येच कंब्रे नावाच्या बेटावर, मिलपोर्ट गावात १८५१ साली बांधलेलं एक आहे. त्यात जेमतेम शंभर माणसं बसतात, तरी ते कॅथेड्रल.

“शंभर?” संतू म्हणाला. “आमच्या तालमीच्या आरतीला त्याहून जास्त असतात.”

चौगुले अण्णा निवृत्त मास्तर. इतका वेळ गप्प होते, ते आता बोलले. “डॅनियल, हे आमच्या जैनांच्या भट्टारकांसारखं झालं की. बस्ती, म्हणजे देऊळ, गावोगाव असते, पण भट्टारकांची, म्हणजे धर्मगुरूंची, गादी असते तो मठ. आपल्या लक्ष्मीसेन मठासारखा. बस्ती कितीही मोठी बांधली तरी तिला कुणी मठ म्हणत नाही.”

“अगदी तसंच!” डॅनियल स्टुलावरून अर्धा उठला. “आणि प्रत्येक पंथाचा बिशप वेगळा, म्हणून एका शहरात कॅथेड्रलंही वेगवेगळी. कॅथलिकांचं सेंट अँड्र्यूज, क्लाइड नदीच्या काठचं, १८१६ सालचं. एपिस्कोपल चर्चचं सेंट मेरीज. एपिस्कोपल म्हणजेच बिशपवाले, नावातच आहे. आणि ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचं सेंट ल्यूक्स. झाली तीन.”

“आणि पयलं?”

“ते कॅथेड्रल नव्हे.”

पहिलं म्हणजे शहरातलं सगळ्यात जुनं. सेंट मंगो या संताचं. ११३६ साली पहिला डेव्हिड राजा हजर असताना ते प्रतिष्ठित झालं, आजची इमारत बरीचशी तेराव्या शतकातली, आणि तळघरासारख्या खालच्या चर्चमध्ये खुद्द मंगोची समाधी. शहराच्या बोधचिन्हावर मासा आहे आणि माशाच्या तोंडात अंगठी, तीही या मंगोच्याच गोष्टीतली. राणीनं अंगठी दुसऱ्याला दिली, राजानं ती नदीत फेकली, मंगोनं मासा पकडायला लावला आणि त्याच्या पोटात ती सापडली. यावर अण्णांनी शकुंतला काढली आणि अंगठी आधी कुणाच्या माशानं गिळली यात आमची वीस मिनिटं गेली. ती इथं देत नाही.

मुद्दा असा की १५६० साली स्कॉटलंडनं पोपशी नातं तोडलं. ग्लासगोचा आर्चबिशप बीटन चर्चची कागदपत्रं आणि मौल्यवान चिजा घेऊन फ्रान्सला गेला. राष्ट्रीय चर्च हळूहळू प्रेस्बिटेरियन झालं. त्यांच्यात बिशप नाही, मंडळीचे, म्हणजे चर्चच्या सभासदांचे, वडीलधारे आणि पाळक, म्हणजे धर्मगुरू, एकत्र बसून कारभार बघतात. तो मात्र एका रात्रीत ठरला नाही. राजांना बिशप हवे असत, कारण बिशप राजाच्या हातातला माणूस. लोकांना नको असत. सव्वाशे वर्षं बिशप आत-बाहेर, आत-बाहेर.

“आता खुर्चीची खरी गोष्ट ऐका,” डॅनियल म्हणाला, आणि हा माणूस फक्त यासाठीच वाट बघत होता हे माझ्या लक्षात आलं.

एडिंबराचं सेंट जाइल्स हे शहराचं मोठं चर्च. पहिल्या चार्ल्स राजानं १६३३ साली तिथं बिशप बसवला आणि ते कॅथेड्रल झालं. चार वर्षांनी, २३ जुलै १६३७ ला, राजानं धाडलेलं नवं प्रार्थनेचं पुस्तक तिथं पहिल्यांदा वाचायला घेतलं. वाचणारा डीन, म्हणजे कॅथेड्रलचा मुख्य पाळक, हॅने. लोकांना ते सरळ पोपच्या मासचा, म्हणजे कॅथलिक उपासनेचा, मागल्या दारानं आलेला अवतार वाटलं. चर्चमध्ये तेव्हा सगळ्यांना बाकं नसत, बायका आपापलं घडीचं स्टूल घरून आणत. जेनी गेडीस नावाची बाजारात भाजी विकणारी बाई होती म्हणे. ती उठली, माझ्या कानाशी मास म्हणतोस काय, असं ओरडली आणि बसलेलं स्टूल तिनं डीनच्या दिशेनं भिरकावलं.

“कपिलतीर्थ मंडईतली असणार,” संतू म्हणाला.

दंगल चर्चबाहेर गेली, रस्त्यावर आली, पुढं राजाच्या ढवळाढवळीविरुद्ध देशभर लोकांनी करारावर सह्या केल्या, राजाशी युद्ध झालं. जेनी खरोखर होती की लोकांनी नंतर तिला नाव दिलं, यावर तिकडचे लोक अजून भांडतात. स्टूल मात्र आहे. सेंट जाइल्समध्ये आज ब्राँझचं स्टूल तिच्या आठवणीसाठी ठेवलंय. मला हे फार आवडलं. खुर्चीवरून नाव पडलेल्या इमारतीत खुर्चीवाल्याचं नाही, स्टूलवालीचं स्मारक.

आणि पुढच्याच वर्षी, १६३८ ला, चर्चची महासभा भरली आणि तिनं बिशपपदच रद्द करून टाकलं. कुठं भरली? ग्लासगोच्या त्याच जुन्या कॅथेड्रलमध्ये. बिशपच्या घरात बसून बिशपला घराबाहेर काढलं. मध्यंतरी गेलेली राजेशाही परत आल्यावर बिशपही परत आले, पण १६९० नंतर राष्ट्रीय चर्चमध्ये ते कायमचे बंद.

“म्हणजे सव्वातीनशे वर्षं तिथं गादीच नाही,” डॅनियलनं निकाल दिला. “इमारत सरकारी, मंडळी प्रेस्बिटेरियन. कॅथेड्रल कसलं?”

बंडू हरणारा नव्हे. “जुन्या राजवाड्यात कोण राहतंय रं?”

“का?”

“सांग की. राजा राहतोय? तिथं पोलीस ठाणं हाय. तरी रिक्षावाल्याला काय म्हणतोस? ‘माजी राजवाड्याला घे’ म्हणतोस?”

यावर डॅनियलकडं चटकन उत्तर नव्हतं. मी बंडूच्या बाजूचा नव्हतो, पण हा डाव चोख होता. मग बंडूला जोर चढला. “आणि ते तुझं ग्रीकांचं. त्यांचा बिशप ग्लासगोत बसतो?”

“आर्चबिशप लंडनला असतो.”

“मग? खुर्ची लंडनला आणि कॅथेड्रल ग्लासगोला चालतंय, व्हय?”

“त्यांच्या पंथात पद तरी आहे,” डॅनियल म्हणाला, पण आवाज उतरला होता. वर त्यानं प्रामाणिकपणे स्वतःविरुद्धचा पुरावाही दिला. ग्रीकांची ती इमारत मुळात प्रेस्बिटेरियनांनीच बांधलेली. म्हणजे बिशप न मानणाऱ्यांच्या इमारतीत आता बिशपवाले, आणि बिशपांच्या इमारतीत बिशप न मानणारे.

संतू महापालिकेतून निवृत्त. त्याला एकाच गोष्टीत रस होता, मालकी कुणाची? तेव्हा डॅनियलनं ऑर्कनी बेटांवरचं कर्कवॉल सांगितलं. ११३७ मध्ये सुरू झालेलं, लाल-पिवळ्या दगडाचं सेंट मॅग्नस. तिसऱ्या जेम्स राजानं १४८६ साली ते गावाला देऊन टाकलं, आणि आजही ते तिथल्या कौन्सिलच्या ताब्यात आहे. आत कैद्यांना टाकायची कोठडीसुद्धा आहे. “कॅथेड्रल पालिकेचं?” संतूचा चेहरा उजळला आणि लगेच पडला. “म्हंजे गळतीच्या तक्रारी पण पालिकेकडंच.”

मी डॅनियलला विचारलं, तुला एवढं का लागतंय? नाव राहिलं तर राहू दे की.

त्यानं ग्लास संपवला. त्याचे आजोबा इथल्या चर्चच्या मंडळीचे असेच एक वडील होते. कोल्हापूरचं मिशन अमेरिकन प्रेस्बिटेरियनांचं. वाइल्डर साहेबांनी सुरू केलेलं, त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली याच गावात जन्मला. “आमच्यात बिशप नाही” हे वाक्य डॅनियलनं घरात इतक्यांदा ऐकलं होतं, की लहानपणी त्याला बिशप हा एखादा पदार्थ वाटायचा, दुसऱ्या जातीत खातात तसला. मग २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र आल्या, सीएनआय झालं. त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले, होते, प्रेस्बिटेरियन परंपरेचे होते, बाप्टिस्ट होते. अँग्लिकनांकडून बिशप आला, बाकीच्यांनी सभा आणि वडील आणले. कोल्हापूरचाही डायोसिस, म्हणजे बिशपचा प्रांत, झाला.

“आजोबांनी त्या दिवशी बायबल काढलं,” डॅनियल म्हणाला. “मराठीत बिशपला शब्द ‘अध्यक्ष’ आहे. त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. मला म्हणाले, अध्यक्ष तर सोसायटीलाही असतो, चालेल. पण त्यानंतर बिशप आले की आजोबा शेवटच्या बाकावर बसायचे. ते पुस्तक माझ्याकडं आहे. रेघ अजून दिसते.”

थोडा वेळ कुणी बोललं नाही. पलीकडं पहिली म्हैस हंबरली.

मला विचाराल तर शब्दार्थानं डॅनियल बरोबर. पण शतकानुशतकं ज्या दगडांना गाव एका नावानं हाक मारतं, ते नाव महासभेच्या ठरावानं उतरत नाही. खुर्ची काढता येते, लोकांच्या तोंडातून शब्द काढता येत नाही. हे मी म्हणालो तर डॅनियल म्हणाला, “तू चपला त्याच्याकडनं उधार घेतोस, तू त्याचीच बाजू घेणार.”

तोड अण्णांनी काढली. “आपल्याकडं शक्तिपीठं किती?”

“साडेतीन.”

“अंबाबाई, तुळजापूर, माहूर पूर्ण. सप्तशृंगी अर्धं. मग ग्लासगोची साडेतीन धरा. जुनं ते अर्धं.”

बंडूनं लगेच पोरीला तसं लिहून पाठवलं. डॅनियल मात्र खुसपट काढतच होता, की मग अर्धं कशाला, वणीच्या माणसाला विचार ते पीठ अर्धं मानतो का. तेवढ्यात गवळ्याचं पोर चरवी घेऊन आलं.

“काका, स्टूल.”

डॅनियल गुडघा धरत उठला, स्टूल उचललं. बंडू दोन पावलं मागं सरकला.

“हातात दे रं त्याच्या,” तो म्हणाला.